खोटी पेशंट

छत्रपती संभाजीनगर
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय ओवी,

आज सकाळी मी दरीत पडले. पाय मोडला, कपाळाला खोक पडली आणि उन्हात विव्हळत पडून राहिले. घाबरू नकोस, सगळं खोटं होतं. दरी म्हणजे नोमानच्या कॉलेजचं मैदान आणि रक्त म्हणजे बिटाचा रस. विव्हळणं मात्र इतकं बेमालूम झालं, की भिंतीपलीकडून एक गृहस्थ डोकावून विचारायला लागले, "बाईंना काय झालं? रिक्षा बोलावू का?"

गुहेत अडकलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं, त्याच्या प्रशिक्षणात मी नाव घातलंय! हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि ऐकून जिला खरा आनंद होईल अशी तू एकटीच डोळ्यांपुढं आलीस. नाशिकचा तुझा पत्ता नोमानकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच फार मागं लागले. फोन केला असता, पण तू उचलला नाहीस तर वाजत राहिलेली रिंग ऐकत बसावं लागतं. पत्राचं तसं नाही. पेटीत टाकलं की आपण मोकळ्या.

आमचा शंतनू आणि तू वेगळे झालात त्याला आता दीड वर्ष होईल. ते तुमचं तुम्ही समजून-उमजून ठरवलंत, त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. पण तुझ्यापासून वेगळं व्हायचं मी कधी ठरवलं होतं? बास, एवढंच. आता मूळ गोष्ट.

नोमान मागच्या महिन्यात आला होता, माळ्यावर राहिलेला तुझा दोर न्यायला. चहा घेताना सांगत होता, की गेल्या पावसाळ्यात पिशोरच्या डोंगरात सरूबाई म्हणून एक बाई शेळी शोधत कपारीत शिरली आणि घसरून आत अडकली. गावातल्या लोकांनी जीव तोडून तिला ओढून काढलं. बाई वाचली, पण ओढताना खांदा निखळला तो अजून धड बसला नाही. तेव्हापासून यानं मनावर घेतलंय. तुमच्या ट्रेकच्या ग्रुपमधली मंडळी आणि त्या गावातली काही माणसं यांना तो नीट शिकवणार आहे. सह्याद्रीतल्या एका बचाव पथकाकडून स्वतः शिकून आलाय.

"सगळं जमलं मावशी," तो म्हणाला, "पण पेशंट मिळेना. आमच्याकडं सगळी विशीतली पोरं. उचलली की हलकी फूल. अडकणारी माणसं अशी असतात का?"

"माझ्यासारखी असतात," मी म्हटलं.

तो हसला. मग हसायचा थांबला आणि माझ्याकडं निरखून बघायला लागला, जणू मी दुकानातली वस्तू.

यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, तुला लिफ्टमध्ये घाम फुटतो."

"लिफ्टमध्ये मला कुणी उचलून नेत नाही," मी म्हटलं.

तर अशी मी पेशंट झाले. आज सहा जणांनी मला उचललं, ओवी! मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाकांच्या खालून, पायऱ्यांवरून. लहानपणानंतर मला कुणी उचललं नव्हतं. आकाश बघत बघत जायचं. लई मजा.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
अनसूया


सोमवार, १९ जानेवारी

प्रिय ओवी,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं असं मी धरून चालते.

काल दुसरा वर्ग झाला. मी नोमानला सांगितलं, नुसतं पडून राहणं मला जमायचं नाही, मलाही शिकव. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही पेशंटच बऱ्या." मी म्हटलं, मग दुसरा पेशंट बघ. आता मला तीन गाठी येतात. पैकी एक तर मी डोळे मिटून मारते, कारण आत दिवा गेला तर हाताला दिसलं पाहिजे, असं सदफ म्हणते.

सदफ तुझ्यानंतर ग्रुपमध्ये आली. सिल्लोडची आहे, इथं नर्सिंग शिकते. चणीनं एवढीशी, पण आवाज असा, की शंभर माणसं रांगेत उभी राहतील. पेशंटच्या जवळ राहून त्याच्याशी सतत बोलायचं, हे तिचं काम. मी म्हटलं, बेशुद्ध असला तर? "तरी बोलायचं, मावशी. ऐकू जात असतं." तिनं मला स्ट्रेचरमध्ये गुंडाळलं. ते स्ट्रेचर म्हणजे चटईसारखी जाड प्लास्टिकची सुरळी असते. पट्टे आवळले की माणसाची अळूवडी होते. नाक तेवढं बाहेर.

पिशोरहून कडुबा येतो, सरूबाईचा मुलगा. धिप्पाड माणूस. एकटा माझा डोक्याकडचा भाग उचलतो आणि म्हणतो, "मावशी, तुम्ही वजनदार हाय, पण ओरडत नाय. मायला काढलं तवा लई ओरडत हुती." एवढं बोलून तो नंतर दिवसभर पट्टे पुन्हा पुन्हा तपासत राहिला.

येत्या रविवारी खरी गुहा! तिथं सायाळी राहायच्या म्हणून तिला सायाळीची कपार म्हणतात. वनखात्याची परवानगी आली. हे म्हणतात, मी जेवताना चमच्याला दोर बांधते. खोटं आहे. फक्त एकदा बांधला.

तुझी,
अनसूया


मंगळवार, २७ जानेवारी

प्रिय ओवी,

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. पंख्याच्या वाऱ्यानं कागद सरकतोय.

कुठून सुरू करू? परवापासून मी कुणालाही भेटले की हेच सांगतेय. आपल्या भाजीवाल्या द्वारकाबाईंनी तर काल मेथी फुकट दिली आणि म्हणाल्या, "आता बाकीचं उद्या सांगा, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."

ती कपार म्हणजे डोंगराच्या पोटात पाण्यानं खाऊन केलेली लांब फट. तोंडाशी वाकून जाता येतं, पुढं रांगायचं, आणि मग एक जागा येते तिला ही मंडळी चिमटा म्हणतात. तिथं पोटावर सरपटतच जावं लागतं. चिमट्यापलीकडं खोलीएवढी मोकळी जागा आहे. तिथं मला पाय मोडून पडायचं होतं.

आत पोचल्यावर नोमाननं सगळ्यांना डोक्यावरचे दिवे बंद करायला सांगितले. ओवी, तू हे कितीदा पाहिलं असशील, मला कधी बोलली नाहीस! असा अंधार मी जन्मात पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळेना. वर पाकोळ्यांची फडफड, जमिनीला ओलसर उग्र वास. मला भीती वाटायला हवी होती. मला हसू फुटलं. मग सदफला फुटलं. मग सगळेच.

नंतर काम सुरू झालं. मला बांधलं, उचललं, एका हातातून दुसऱ्या हातात देत चिमट्यापर्यंत आणलं. पुढं नोमान ओढत होता, पायाकडून सदफ ढकलत होती. स्ट्रेचर चिमट्यातून घासत, अडत पार झालं. नोमान "शाब्बास" म्हणाला आणि तेवढ्यात मागून किंचाळी आली.

"सर, मी अडकले!"

माझ्या मागून येताना सदफ त्या चिमट्यात रुतली होती. एक हात पुढं, दुसरा अंगाखाली. आधी नोमान शांतपणे सूचना देत होता, तीही ऐकत होती. मग तिचा श्वास वाढला. श्वास वाढला की छाती फुगते आणि दगड आणखी आवळतो. ती रडायला लागली. "मेरे को छोड़ के नको जाओ, सर, नको जाओ!"

नोमानला तिच्यापर्यंत जाता येईना. मधे मी, बांधलेली. वाट एका माणसापुरती. त्याचा चेहरा दिव्यात दिसत होता, पांढरा पडलेला.

"पट्टे सोड," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही..."

"सोड म्हणते ना!"

त्यानं पट्टे सोडले, मी सुरळीतून बाहेर सरकले, त्यानं रिकामं स्ट्रेचर पुढं ओढून घेतलं. मी गुडघे पोटाशी घेऊन तिथंच उलटी फिरले. कशी फिरले ते विचारू नकोस, गेल्या आठवड्यात मला मोजेही बसल्याशिवाय घालता येत नव्हते. पालथी पडून सदफच्या तोंडासमोर तोंड नेलं. तिचा पुढचा हात धरला. बर्फासारखा गार.

"मावशी, बोला," ती म्हणाली. "काही पण बोला."

आता ऐनवेळी काय बोलणार? देवाचं नाव घ्यावं तर तिचा देव वेगळा की माझा, यात वेळ जाणार. मी तुझ्याबद्दल बोलायला लागले. तू लग्न होऊन आलीस त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी गच्चीच्या कठड्याला दोर बांधून खाली उतरलीस आणि दूधवाल्याच्या हातातलं माप पडलं, ते सांगितलं. मला तापाची ग्लानी होती तेव्हा उशाशी बसून तू मला होकायंत्र कसं वाचायचं ते शिकवत होतीस, ते सांगितलं. सदफ हसली. रडता रडता हसली, तेव्हा तिचा श्वास सुटला. मी म्हटलं, "हां, असाच. सोड. अजून सोड."

"आता कुठं आहे ती?" तिनं विचारलं.

"नाशिकला."

"येते का तुमच्याकडं?"

"तू श्वास सोड," मी म्हटलं.

मी डावा हात तिच्या पोटाखालून आत घातला. चाचपत गेले तर तिच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेली लोखंडी कडी दगडाच्या फटीत गेलेली. बोटांनी कडीचं तोंड उघडलं, पट्ट्यातून काढली आणि ओरडले, "आता ये!" ती आली. अंगावरच आली. दोघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ तशाच पडून होतो आणि मागून नोमान विचारत होता, "ठीक आहे ना? कुणीतरी बोला ना!"

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांना सोसेना. कडुबा बघतच राहिला. "मावशी, तुम्ही पेशंट व्हता ना? मग पेशंट चालत कसा आला?"

सदफ ठणठणीत आहे. मलाही काही झालं नाही, हाताला जरासा मुका मार.

तुझी,
अनसूया

ता. क. ओवी, मी लक्ष्मणराव लिहितो आहे. ही पाकिटाला तिकीट शोधायला आत गेली आहे. जानेवारीत आमच्या घरी पंखा चालू नसतो. हिचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे, मनगटाचं हाड मोडलंय, म्हणून कागद धरता येत नाही. सदफ बाहेर पडताना हिच्या हातावर सगळा भार आला. दवाखान्यातही ही डॉक्टरांना गाठी मारून दाखवत होती. समाधानाची बाब एवढीच, की इतकं खूश मी हिला दीड वर्षात पाहिलं नव्हतं. – बाबा


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

प्रिय ओवी,

यांनी माझ्या पत्रात लुडबूड केली ते मला तुझ्या फोनवरून कळलं. तू यांच्या मोबाईलवर फोन केलास, हाताची चौकशी केलीस, प्लास्टर कधी निघणार ते विचारलंस. मला फोन द्या, असं म्हणाली नाहीस. मी शेजारीच उभी होते. सगळं ऐकू आलं. आवाज थोडा बसलाय तुझा. हळद-दूध घे.

शंतनूला प्लास्टरचं कळलं आणि शनिवारी तो पुण्याहून येऊन थडकला. आल्या आल्या सुरू. "आई, या वयात गुहेत? कुणाचं हे खूळ? ओवीचं?"

"माझं," मी म्हटलं. "पण तिला मी पत्रं लिहिते."

त्याचा घास हातातच राहिला. यांनी उगाच वरणाचं पातेलं इकडचं तिकडं केलं. शंतनू उठून गच्चीवर गेला.

दुसऱ्या दिवशी निघताना बूट घालत घालत म्हणाला, "आम्ही भांडून वेगळे नाही झालो, आई. बोलायलाच काही उरलं नव्हतं. ते पुन्हा जोडायला जाऊ नकोस."

"मी कुठं काय जोडतेय?"

"मग लिही," तो म्हणाला. "मला काही वाटणार नाही. तिच्याशी बोललीस की तुला बरं वाटतं, ते दिसतं मला." आणि माझ्या प्लास्टरवर पेननं एक गुहा काढून गेला. गुहा कसली, उंदराचं बीळ वाटतं.

मी त्याला जे म्हटलं ते पूर्ण खरं नव्हतं. थोडी आशा होती. तुला लिहिताना ती मी कागदाबाहेर ठेवत होते, एवढंच.

आता आनंदाची बातमी. बावीस तारखेला आमची परीक्षा आहे, त्याच कपारीत. पेशंट नवा हवा, पथकानं आधी कधी न उचललेला, म्हणून नोमाननं कुणाला बोलावलंय ते त्यानं मला काल सांगितलं. तू हो म्हणालीस! ओवी, तू हो म्हणालीस! मी आत येऊ शकत नाही, पण मी तिथं असेन.

तुझी,
अनसूया


सोमवार, २३ फेब्रुवारी

प्रिय ओवी,

काल तुझी बस सुटली आणि घरी येऊन लगेच लिहायला बसावं असं वाटलं, पण आधी एक फोन करायचा होता. तू आत होतीस, बाहेर काय झालं ते तुला ठाऊक नाही. बसस्टँडवरच्या गर्दीत ते सांगायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

मला नोमाननं फोनवर बसवलं होतं. आत मोबाईल लागत नाही, वॉकीटॉकी चालत नाही, म्हणून कपारीच्या तोंडापासून थेट आतपर्यंत वायर टाकून दोन्ही टोकांना फोन. मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई, हे काम माझ्याशिवाय कुणाला देणार? नियम एकच. आतून आलेला निरोप शब्दाला शब्द मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. म्हणजे सांगणाऱ्याची खात्री पटते आणि बाहेर दोर धरलेल्यांनाही कळतं. नोकरीत याच्या अगदी उलट होतं. कानावर पडलेलं ओठावर आणायचं नाही. पण आठवडाभर घरी सराव केला होता. हे स्वयंपाकघरातून "चहात साखर कमी आहे" म्हणायचे आणि मी हॉलमधून "चहात साखर कमी आहे!" ओरडायची.

तर उतारावर कडुबा आणि गावची मंडळी दोर धरून उभी होती. नोमान तोंडाशी. हे पळसाखाली वर्तमानपत्र घेऊन. सरूबाईही आल्या होत्या, सगळ्यांसाठी भाकरी घेऊन. आतून सदफ बोलत होती.

"पेशंट सापडला."

"पेशंट सापडला!"

"शुद्धीवर आहे. उजवा पाय मोडलेला."

"शुद्धीवर आहे! उजवा पाय मोडलेला!"

"चिमट्याशी दोर बांधतोय. वेळ लागेल."

"चिमट्याशी दोर बांधतोय! वेळ लागेल!"

मग बराच वेळ काही नाही. आणि मग तुझा आवाज.

"आई, मी ओवी."

"आई, मी ओवी!" मी ओरडले. उतारावर हशा पिकला.

तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "समोर बसून सांगता आलं नसतं. इथं अंधार आहे म्हणून सांगते. मी लग्न करतेय."

आणि मी, ओवी, मान वर करून, छातीत भरेल तेवढा वारा भरून, अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडले, "मी लग्न करतेय!"

हे असं झालं होतं. तुला वाटलं असेल मी गप्प का झाले. मी गप्प झाले कारण इथं सगळं थांबलं होतं. कडुबाच्या हातातला दोर ढिला पडला. सरूबाईंनी तोंडाला पदर लावला. यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाशी?"

तेव्हा कुठं अर्थ माझ्यापर्यंत पोचला.

खरं लिहिते. जी आशा मी कागदाबाहेर ठेवत होते ती तिथंच, त्या उन्हात, गेली. तुला रिसीव्हरमध्ये फक्त माझा श्वास ऐकू आला असेल. आणि मला तुझा तोही ऐकू येत नव्हता. तू श्वास धरून ठेवला होतास. एवढ्या लांबून, दगडाच्या पोटातून, तू मला सांगायला घाबरत होतीस. नाशिकला बसून नुसतं एक कार्ड टाकलं असतंस तरी चाललं असतं. कुणी तुला जाब विचारला नसता. तू बस पकडून आलीस, पाय मोडून घेतलास, बांधून घेतलंस, ते हे सांगायला. हे लक्षात आलं आणि माझ्या अंगात असा काही आनंद सुटला, की मी उभीच राहिले.

नोमान धावत आला. "मावशी, आतून नक्की काय निरोप आहे?"

"तुझ्या कामाचा नाही," मी म्हटलं आणि तुला म्हणाले, "निरोप मिळाला. मुलगा कोण?"

"अमेय. शाळेत भूगोल शिकवतो."

"डोंगरात येतो?"

"उंचीवर चक्कर येते त्याला."

"मग खाली डबा घेऊन थांबेल. छान आहे. कधी?"

"तीन मे. आई, तुम्ही रडताय का?"

"नाही," मी म्हटलं. यातलं मी काही मोठ्यानं म्हटलं नाही. पण सरूबाई शेजारी येऊन बसल्या होत्या, त्यांनी बऱ्या हातानं माझं तोंड पुसलं. त्यांना सगळं कळलं होतं.

मग सदफनं फोन घेतला आणि पुढचं तुला माहीत आहे. "स्ट्रेचर चिमट्यात." "स्ट्रेचर चिमट्यात!" "हळू. ढील द्या." "हळू! ढील द्या!" माझा आवाज फाटला होता, पण एक निरोप चुकला नाही. नोमान नंतर म्हणाला, परीक्षेत सगळ्यांत जास्त मार्क वायरला. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या भुवयांवरसुद्धा धूळ होती आणि तुला काही बोलायचं होतं. मी तुला बोलू दिलं नाही. आधी पाणी, मग बोलणं, सदफनं असंच शिकवलंय.

आता व्यवहाराचं. शंतनूला मी सांगेन. काल रात्रीच सांगितलंही. तो म्हणाला, "चांगलं झालं," आणि आवाजावरून ते खरं वाटलं. त्यानं अमेयला उंची सोसत नाही हे ऐकल्यावर हसून घेतलं, तेवढं त्याला माफ कर. त्याची काळजी तू मनात ठेवू नकोस.

तुझ्या आईला माझा फोन नंबर पुन्हा दे. माझी लुडबूड त्यांना आवडली नाही तर मागं राहीन, कुठंही बसेन. सदफलाही यायचंय. कडुबाही म्हणत होता, पण तो खरंच येईल, म्हणून त्याला तारीख सांगितली नाही.

यांनी एसटीच्या तिकिटांचं बघायला सुरुवात केली आहे. तोपर्यंत प्लास्टर निघालेलं असेल, दोन्ही हातांत बांगड्या भरून येईन. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, तुला हळद लागलेली असेल.

तुझी,
अनसूया